शाळेतील पुस्तक कोण काढते, कसे आणि कोणासाठी? अमेरिकेतील वाद समजून घेताना

१० जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, मॅकमिन काउंटीच्या स्कूल बोर्डाने दहा विरुद्ध शून्य मतांनी एक ठराव संमत केला. आर्ट स्पीगलमन यांचे ‘माउस’ हे चित्ररूप पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकावे, असा तो ठराव होता. स्पीगलमन यांचे आईवडील ऑश्विट्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेले ज्यू होते. त्यांची कहाणी या पुस्तकात ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजरे म्हणून रेखाटून सांगितली आहे, आणि १९९२ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालेले आहे. ज्यूंच्या संहाराचा इतिहास मुलांना शिकवू नये, असे बोर्डाचे म्हणणे नव्हते. आक्षेप होता तो आठ अपशब्दांना आणि एका लहानशा चित्रातील नग्न स्त्रीदेहाला. ते चित्र लेखकाच्या आईचे आहे. तिने आत्महत्या केली आणि न्हाणीघरातील टबात ती मृतावस्थेत सापडली, तो प्रसंग त्यात आहे. अपशब्द आणि ते चित्र झाकून पुस्तक शिकवावे, असा पर्याय शाळा प्रशासनाने पुढे ठेवला होता, पण बोर्डाला तो पुरेसा वाटला नाही.

‘पुस्तकावर बंदी’ अशा मथळ्याखाली ही बातमी जगभर गेली आणि काही आठवड्यांतच पुस्तकाची विक्री झपाट्याने वाढली. त्यावरून लगेच दोन तट पडले. जे पुस्तक कोणत्याही दुकानात विकत मिळते, त्यावर बंदी आहे असे कसे म्हणता येईल, असे एका बाजूने विचारले गेले. आठवीतल्या ज्या मुलाच्या घरी पुस्तके विकत घेण्याची पद्धतच नाही, त्याच्यापुरते ते नाहीसे झालेच ना, असे दुसऱ्या बाजूने विचारले गेले. गेली काही वर्षे अमेरिकेत हा वाद याच दोन प्रश्नांभोवती फिरत आहे. माझ्या मते ‘बंदी योग्य की अयोग्य’ या प्रश्नाने सुरुवात केली, तर त्याचे उत्तर सापडत नाही. पुस्तक शाळेत नेमके कोठे होते, आक्षेप कोणी घेतला, निर्णय करणाऱ्यांनी ते पूर्ण वाचले होते का, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटात राहिले की उचलले गेले, हे आधी विचारावे लागते. पालकाचा आपल्या मुलावरचा हक्क कोठे संपतो आणि दुसऱ्याच्या मुलाचा हक्क कोठे सुरू होतो, हे याच तपशिलांतून ठरते.

एकाच शाळेतील तीन कपाटे

अमेरिकेत शाळांचा दैनंदिन कारभार केंद्र सरकारच्या हाती नाही. देशात सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एकेका भागातील सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग, आहेत आणि त्यातील बहुतेकांचा कारभार स्थानिक मतदारांनी निवडून दिलेले बोर्ड पाहते. बोर्डाचे सदस्य शिक्षणतज्ज्ञ असतातच असे नाही. दुकानदार, निवृत्त शिक्षक, गृहिणी, वकील असे कोणीही निवडून येऊ शकते. शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून चालतो, त्यामुळे पालक एकाच वेळी मतदारही असतो आणि करदाताही. शाळेतील पुस्तकाबद्दल बोर्डाला जाब विचारण्याचा अधिकार त्याला आहे, याविषयी कोणाचे दुमत नाही.

पण ‘शाळेतील पुस्तक’ असे आपण एका दमात म्हणतो, तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. अभ्यासक्रमातील पुस्तक संपूर्ण वर्गाला वाचावेच लागते, त्यावर निबंध लिहावा लागतो, गुण मिळतात. वर्गातील शेल्फवरची पुस्तके बहुधा शिक्षकांनी स्वतःच्या पैशाने जमवलेली असतात. काम लवकर संपवलेल्या मुलाने त्यातील एखादे घेऊन बसावे, एवढाच त्यांचा उपयोग असतो. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तक तर कोणावरही लादलेले नसते, कारण मूल स्वतःहून तेथे जाते, निवडते आणि नको वाटल्यास परत ठेवते.

आक्षेपाचे वजन या तिन्ही ठिकाणी सारखे असू शकत नाही. सक्तीच्या वाचनाबद्दल पालकाने केलेली तक्रार गंभीरपणे ऐकली पाहिजे, आणि बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये ती ऐकलीही जाते. अशा मुलाला दुसरे पुस्तक नेमून देण्याची पद्धत जुनी आहे. व्हर्जिनिया राज्याने २०२२ मध्ये त्यासाठी कायदाच केला. शिकवण्याच्या साहित्यात उघड लैंगिक वर्णन असेल तर पालकांना आधी कळवावे आणि त्यांनी मागितल्यास पर्यायी साहित्य द्यावे, अशी तरतूद त्यात आहे. अशी तरतूद मला अन्यायकारक वाटत नाही. मात्र सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने हायस्कूलच्या ग्रंथालयातून आपल्या इच्छेने घेतलेल्या पुस्तकाला हाच तर्क लावला की चित्र बदलते. तेथे ‘माझ्या मुलाला देऊ नका’ ही मागणी पुरी करायला एक नोंद पुरते. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये पालक आपल्या मुलाच्या खात्यावर ठरावीक पुस्तके रोखून ठेवू शकतात, आणि मग ती पुस्तके त्या मुलाला मिळत नाहीत. ‘कोणाच्याच मुलाला देऊ नका’ ही मागणी वेगळी आहे, आणि सारा वाद खरे तर तिच्यावरून आहे.

तक्रार आल्यानंतर

नीट चालणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये तक्रारीचा मार्ग ठरलेला असतो. पालक आधी शिक्षकांशी किंवा ग्रंथपालांशी बोलतात, आणि पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात. मिटली नाही तर लेखी अर्ज करावा लागतो. त्या अर्जात सहसा विचारलेले असते की आपण संपूर्ण पुस्तक वाचले आहे का, कोणत्या पानांवर आक्षेप आहे, पुस्तकाचा एकूण विषय आपल्या मते काय आहे, आणि नेमके काय करावे अशी आपली अपेक्षा आहे. त्यानंतर ग्रंथपाल, शिक्षक, पालक आणि क्वचित विद्यार्थी यांची समिती पुस्तक वाचते, चर्चा करते आणि शिफारस करते. शेवटचा शब्द बोर्डाचा असतो.

या मार्गातील एक पायरी वरवर किरकोळ दिसते, पण सर्वांत महत्त्वाची तीच आहे. निर्णय होईपर्यंत पुस्तक कोठे असते? अमेरिकन लायब्ररी असोसिएशन या ग्रंथालयांच्या राष्ट्रीय संघटनेचे मार्गदर्शन असे आहे की चौकशी पूर्ण होईपर्यंत पुस्तक जागेवरच राहावे. नुसत्या तक्रारीने पुस्तक हलले, तर तक्रार म्हणजेच निकाल ठरतो. समितीला सहा महिने लागले तर सहा महिने ते पुस्तक नाही, आणि दरम्यान आणखी पन्नास तक्रारी आल्या तर समितीला सहा महिन्यांत काम संपवणेही शक्य होत नाही.

फ्लोरिडाने २०२३ मध्ये हा क्रम कायद्याने उलटवला. पुस्तकात लैंगिक वर्तनाचे वर्णन आहे असा आक्षेप आला, तर ते पाच शालेय दिवसांच्या आत काढावे आणि निर्णय लागेपर्यंत कोणालाही देऊ नये, अशी तरतूद त्या कायद्यात झाली. आक्षेप घेणाऱ्याचे मूल त्या शाळेत असलेच पाहिजे, असेही बंधन नव्हते. काउंटीतील कोणताही रहिवासी तक्रार करू शकत होता. तक्रारींचा एवढा ढीग साचला की पुढच्याच वर्षी राज्याला त्यात दुरुस्ती करावी लागली. ज्यांचे मूल तेथील शाळेत शिकत नाही, अशा रहिवाशाला महिन्याला एकच आक्षेप घेता येईल, अशी मर्यादा २०२४ मध्ये आली. कायदा करणाऱ्यांनाच आपल्या कायद्याचा असा वापर आवरावा लागला, यावरून मूळ तरतूद किती सैल होती हे दिसते.

युटाचा मार्ग याहून वेगळा आहे. तेथे २०२४ च्या कायद्यानुसार किमान तीन डिस्ट्रिक्टनी, किंवा दोन डिस्ट्रिक्ट आणि पाच चार्टर शाळांनी (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांनी), एखादे पुस्तक लैंगिक मजकुराच्या कसोटीवर आक्षेपार्ह ठरवले, की ते राज्यातील सर्व सरकारी शाळांतून काढावे लागते. पहिली यादी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झाली; तिच्यात १३ पुस्तके होती. राज्यात चाळीसेक डिस्ट्रिक्ट आहेत. स्थानिक पालकांना स्थानिक निर्णय घेऊ द्यावा, हा पुस्तके काढू पाहणाऱ्या चळवळीचा मूळ युक्तिवाद होता. तीन ठिकाणचा निर्णय बाकीच्या सर्वांवर आपोआप लागू होतो, तेव्हा उरलेल्या डिस्ट्रिक्टमधील पालकांचा स्थानिक हक्क कोठे जातो, याचे उत्तर मला या कायद्यात सापडत नाही.

उतारा आणि पुस्तक

अलीकडच्या वर्षांत बोर्डाच्या बैठकांमध्ये एक दृश्य वारंवार दिसते. नागरिकांना बोलण्यासाठी ठेवलेल्या वेळेत कोणी पालक उभे राहतात, त्यांच्या हातात कागद असतो आणि बोलायला जेमतेम तीन मिनिटे असतात. काहीही प्रस्तावना न करता ते कादंबरीतील लैंगिक प्रसंगाचा परिच्छेद मोठ्याने वाचू लागतात. सभागृहात चुळबूळ होते, अध्यक्ष मध्येच थांबवतात, कधी माइक बंद करतात. मग वाचणारे विचारतात, जे मोठ्या माणसांच्या सभेत वाचता येत नाही ते माझ्या मुलीच्या शाळेत कसे?

या प्रश्नामागची कळकळ खरी असते, आणि तिची टिंगल करणाऱ्यांनी या वादाचे नुकसानच केले आहे. सहावीतल्या मुलाच्या हाती काय पडावे याची काळजी वाटणे, हे पालकपणच आहे. तरीही त्या प्रश्नात एक गोष्ट सुटते, आणि कायद्याने ती फार पूर्वी ओळखली आहे. १९७३ च्या ‘मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेची कसोटी ठरवली, तेव्हा कृतीकडे समग्रपणे पाहावे आणि तिला गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य आहे का हे तपासावे, असे सांगितले. मुलांसाठी मर्यादा अधिक कडक असू शकते, हे १९६८ च्या ‘गिन्सबर्ग विरुद्ध न्यूयॉर्क’ या निकालापासून मान्य आहे. म्हणजे प्रौढांसाठी वैध असलेले साहित्य अल्पवयीनांना विकण्यास राज्य मनाई करू शकते. फ्लोरिडा आणि आयोवा यांच्या २०२३ च्या कायद्यांनी मात्र समग्रतेची अट बाजूला ठेवून, लैंगिक क्रियेचे वर्णन आहे की नाही एवढाच प्रश्न विचारला. अत्याचार सोसलेल्या मुलीची गोष्ट आणि केवळ उत्तेजित करण्यासाठी लिहिलेला मजकूर, या दोहोंना ही कसोटी एकाच रांगेत उभे करते. खरे तर पहिल्या प्रकारचे पुस्तक एखाद्या मुलीला आपल्यावर काय गुदरले ते बोलण्यासाठी शब्द देऊ शकते.

निव्वळ उताऱ्यावरून निर्णय केल्यास काय होते, हे युटातीलच डेव्हिस स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये २०२३ मध्ये दिसले. राज्यात तेव्हा आधीच लागू असलेल्या, पुस्तके काढण्याच्या कायद्याचा निषेध म्हणून एका पालकाने बायबलवर आक्षेप घेतला आणि त्यातील लैंगिक व हिंसक वचनांची यादी जोडली. समितीने प्राथमिक आणि माध्यमिक शाळांच्या ग्रंथालयांतून बायबल काढण्याचा निर्णय केला. त्यावर अपील झाले आणि जूनमध्ये बोर्डाने ते परत ठेवले, कारण समग्र ग्रंथाचे मूल्य त्यातील काही वचनांहून अधिक आहे असे त्यांना वाटले. तो निर्णय बरोबरच होता. बोर्डाने बायबलला लावलेली कसोटी कादंबऱ्यांनाही लावावी, एवढेच ग्रंथपाल मागत आले आहेत.

न्यायालयांनी काय म्हटले

शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके काढण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने आजवर एकदाच निकाल दिला आहे, आणि तोही अर्धवट. म्हणून ‘आयलंड ट्रीज स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध पिको’ हा १९८२ चा खटला तपशिलात पाहण्यासारखा आहे.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाचे तीन सदस्य पालकांच्या एका संघटनेच्या परिषदेला गेले आणि तेथून आक्षेपार्ह पुस्तकांची यादी घेऊन आले. परतल्यावर त्यांनी ग्रंथालयातील नोंदी तपासल्या. यादीतील नऊ पुस्तके हायस्कूलच्या ग्रंथालयात आणि एक कनिष्ठ हायस्कूलच्या ग्रंथालयात निघाले. आणखी एक बारावीच्या अभ्यासक्रमात होते. बोर्डाने ती उचलायला लावली. वृत्तपत्रांत ओरड झाल्यावर त्यांनी पत्रक काढून ही पुस्तके ‘अमेरिकाविरोधी, ख्रिस्तीविरोधी, ज्यूविरोधी आणि निव्वळ घाणेरडी’ असल्याचे सांगितले. मग चार पालक आणि शाळेचे चार कर्मचारी यांची समिती नेमली. समितीने पाच पुस्तके ठेवावीत आणि दोन काढावीत, असे सुचवले. उरलेल्यांबद्दल एकमत झाले नाही किंवा अटी सुचवल्या गेल्या. बोर्डाने आपणच नेमलेल्या समितीची शिफारस कारण न देता बाजूला सारली, एक पुस्तक परत ठेवले, दुसरे पालकांच्या परवानगीने द्यावे असे ठरवले आणि नऊ काढून टाकली.

स्टीव्हन पिको आणि इतर चार विद्यार्थी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयात निकाल पाच विरुद्ध चार असा त्यांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिले की अभ्यासक्रम ठरवण्यात बोर्डाला मोठे स्वातंत्र्य आहे, पण ग्रंथालय ही ऐच्छिक वाचनाची जागा आहे, आणि पुस्तकातील विचार पटत नाहीत एवढ्याच कारणाने ते तेथून काढणे अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीला धरून नाही. पुस्तक सर्वस्वी असभ्य असेल किंवा शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य असेल तर ते काढता येईल. थोडक्यात, हेतू काय होता यावर सारे अवलंबून आहे.

अडचण अशी की ब्रेनन यांच्या या मताला पूर्ण बहुमत नव्हते. पाचवे मत न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचे होते आणि त्यांनी घटनात्मक प्रश्नाला हातच लावला नाही. वस्तुस्थितीची सुनावणी आधी व्हावी, एवढेच ते म्हणाले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती विल्यम रेन्क्विस्ट यांचा युक्तिवादही दुबळा नव्हता. सरकार शिक्षक म्हणून काम करते तेव्हा त्याला निवड करावीच लागते, आणि शाळेत नसलेले पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयात किंवा दुकानात मिळू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तक न घेणे आणि घेतलेले पुस्तक काढणे यांत कायद्याने फरक का करावा, हा त्यांच्या बाजूचा प्रश्न आजही अवघड आहे. मला त्याचे उत्तर असे वाटते की जागा आणि पैसा मर्यादित असल्याने न घेण्याची कारणे असंख्य असू शकतात. घेतलेले, वाचले जाणारे पुस्तक कोणाच्या तरी सांगण्यावरून काढताना मात्र कारण सहसा त्या पुस्तकातच असते, आणि म्हणून ते विचारता येते.

पिकोनंतरचे निकाल शाळांच्या बाजूने झुकले. १९८८ च्या ‘हेझलवुड’ निकालाने अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या बाबींवर, योग्य शैक्षणिक कारण असल्यास, शाळेचे नियंत्रण मान्य केले, आणि त्याचाच आधार घेऊन पुढच्या वर्षी फ्लोरिडातील एका बोर्डाने पाठ्यपुस्तक काढल्याचा निर्णय अपील न्यायालयाने कायम ठेवला. तरीही चार दशके खालची न्यायालये ग्रंथालयाबाबत पिकोकडे पाहत राहिली.

२०२५ मध्ये एकाच वर्षात तीन दिशांना ओढ दिसली. मे महिन्यात पाचव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांचा मिळून केलेल्या एका न्यायविभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने टेक्सासमधील लॅनो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून काढलेल्या १७ पुस्तकांबाबत १० विरुद्ध ७ मतांनी ठरवले की ग्रंथालयाने पुस्तक काढल्याबद्दल वाचकाला पहिल्या घटनादुरुस्तीखाली दाद मागता येत नाही. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. ऑगस्टमध्ये फ्लोरिडातील एका केंद्रीय जिल्हा न्यायालयाने, प्रकाशकांच्या खटल्यात, लैंगिक वर्तनाचे ‘वर्णन’ असलेली पुस्तके काढायला लावणारी राज्याची तरतूद अतिव्यापक आणि घटनाबाह्य ठरवली. राज्य त्याविरुद्ध अपिलात गेले. आणि या दोहोंच्या मध्ये, २७ जून रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘महमूद विरुद्ध टेलर’ हा निकाल दिला.

महमूद प्रकरणात पुस्तके काढण्याची मागणीच नव्हती, म्हणूनच ते मला विशेष महत्त्वाचे वाटते. मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी काउंटीच्या प्राथमिक शाळांत समलिंगी आणि पारलिंगी पात्रे असलेली काही गोष्टींची पुस्तके वर्गात आणली गेली. सुरुवातीला पालकांना आधी कळवून मुलाला त्या तासाला बाहेर बसवण्याची मुभा होती. २०२३ मध्ये ती बंद झाली. मुस्लिम, कॅथलिक आणि युक्रेनियन ऑर्थोडॉक्स पालकांनी मागितले एवढेच की आमच्या धार्मिक श्रद्धेसाठी ही मुभा परत द्या. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मतात इशारा दिला की पालकांना कशाकशाबद्दल आगाऊ कळवायचे या ओझ्याने शाळा तसे साहित्य वापरणेच सोडून देतील. ही भीती निराधार नाही. तरीही आपल्या मुलापुरती सूट मागणे हे साऱ्या मुलांच्या कपाटाला कुलूप लावण्याहून कितीतरी सौम्य आहे, आणि सक्तीच्या वर्गात, लहान वयात, ती सूट देता येण्यासारखी असेल तर शाळांनी द्यावी असे मला वाटते. डिस्ट्रिक्टने ती मुभा स्वतःहून चालू ठेवली असती, तर बहुधा हा निकाल लागलाच नसता.

आकडे वाचताना

या विषयावर दोन संस्थांचे आकडे सर्वत्र दिले जातात आणि ते जुळत नाहीत, कारण दोघी वेगळ्या गोष्टी मोजतात. ‘पेन अमेरिका’ ही लेखकांची संघटना पुस्तक प्रत्यक्ष हटल्याची किंवा मर्यादित झाल्याची प्रत्येक घटना मोजते, चौकशीपुरते तात्पुरते काढलेलेही त्यात येते, आणि एकच पुस्तक दहा डिस्ट्रिक्टमध्ये हटले तर त्या दहा घटना होतात. या मोजणीनुसार २०२३-२४ या शालेय वर्षात १०,०४६ आणि २०२४-२५ मध्ये ६,८७० घटना झाल्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन पुस्तक हटवण्याचे प्रयत्न मोजते, मग ते यशस्वी होवोत वा न होवोत, आणि तिच्या मोजणीत सार्वजनिक ग्रंथालयेही येतात. तिच्याकडे २०२४ मध्ये ८२१ प्रयत्नांची नोंद झाली. तात्पुरत्या हटवणुकीला बंदी म्हणावे का, याबद्दल पेनवर टीका होते आणि ती अगदीच चुकीची नाही. पण पुस्तक ‘तात्पुरते’ म्हणून दोन वर्षे बाहेर असेल तर त्या काळात शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याला ते मिळालेच नाही, हेही तितकेच खरे आहे.

मला आकड्यांपेक्षा तक्रारी कोण करते हे अधिक बोलके वाटते. २०२३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने देशभरातील १५३ डिस्ट्रिक्टकडून २०२१-२२ मधील हजाराहून अधिक तक्रारी मिळवून तपासल्या, तेव्हा त्यातील ६० टक्के तक्रारी अवघ्या ११ व्यक्तींनी केलेल्या निघाल्या. लायब्ररी असोसिएशनच्या २०२४ च्या नोंदीत सुटे पालक १६ टक्के होते, तर संघटित गट, लोकप्रतिनिधी, बोर्ड सदस्य आणि प्रशासन मिळून ७२ टक्के. या वादाला ‘पालकांचे आक्षेप’ म्हणण्याची रीत पडली आहे, पण प्रत्यक्षात पुष्कळ वेळा तयार याद्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरतात. २०२१ मध्ये टेक्सासमधील एका आमदाराने सुमारे ८५० पुस्तकांची यादी शाळांना पाठवून, यातील कोणती तुमच्याकडे आहेत असे विचारले होते. एवढी पुस्तके एका माणसाने वाचून यादी केली असेल, हे संभवत नाही. ज्या आईने मुलीच्या दप्तरात सापडलेले एक पुस्तक रात्रभर जागून वाचले आणि सकाळी ग्रंथपालांना गाठले, तिची तक्रार आणि ही यादी एकाच तराजूत घालणे त्या आईवरच अन्याय आहे.

जे मोजले जात नाही

बोर्डाच्या मतदानाने हटलेले पुस्तक निदान नोंदीत राहते. त्याहून अधिक पुस्तके निःशब्द जातात. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडातील मॅनाटी काउंटीत शिक्षकांनी आपल्या वर्गातील शेल्फ कागद लावून झाकले, कारण वर्गातील प्रत्येक पुस्तक प्रशिक्षित ग्रंथपालाने तपासलेले असले पाहिजे असा नियम आला होता आणि अल्पवयीनांना अपायकारक साहित्य दिल्याबद्दल गुन्हा दाखल होऊ शकतो ही धास्ती होती. झाकलेल्या त्या पुस्तकांतील बहुसंख्य पुस्तकांवर कोणीही कधी आक्षेप घेतलेला नव्हता. ती तपासायला माणसे अपुरी होती, एवढेच.

याच्या पुढची पायरी खरेदीची आहे. टेक्सासने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यानुसार ग्रंथालयासाठी घ्यायच्या पुस्तकांची यादी आधी जाहीर करावी लागते आणि बोर्डाची मंजुरी लागते. पालकांचे बहुमत असलेली सल्लागार समितीही नेमता येते. पारदर्शकता म्हणून याचे समर्थन होते, आणि यादी उघड असण्याला माझाही विरोध नाही. पण ज्या ग्रंथपालाला प्रत्येक शीर्षक सभेत समर्थावे लागणार आहे, तो वादाची शक्यता असलेले पुस्तक यादीतच घालणार नाही. जे विकत घेतलेच नाही, त्याची नोंद ना पेनकडे होईल, ना न्यायालयाकडे.

उलट दिशेनेही कायदे झाले आहेत. इलिनॉयने २०२३ मध्ये असे ठरवले की पक्षीय किंवा वैचारिक नापसंतीमुळे पुस्तके काढण्यास मनाई करणारे धोरण ज्या ग्रंथालयांचे नसेल, त्यांना राज्याचे अनुदान मिळणार नाही. कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी बोर्डांवर तशी बंधने घातली. अनुदानाची रक्कम छोट्या डिस्ट्रिक्टसाठी फारशी नसेल तर ते अनुदान सोडून देऊ शकतात, ही इलिनॉयच्या मार्गाची मर्यादा आहे. शिवाय ग्रंथालयात पुस्तक आहे म्हणून ते मुलापर्यंत पोहोचेलच असे नाही.

आज स्थिती अशी आहे की एकाच देशातील दोन विद्यार्थ्यांचे हक्क ते कोणत्या राज्यात राहतात यावर ठरतात. पाचव्या सर्किटच्या हद्दीत टेक्सास, लुईझियाना आणि मिसिसिपी येतात. लॅनोचा निकाल तेथे लागू आहे, आणि जो हक्क प्रौढ वाचकाला सार्वजनिक ग्रंथालयाविरुद्ध मिळत नाही, तो विद्यार्थ्याला शाळेविरुद्ध मिळण्याची आशा फार थोडी. पिकोसारखा खटला घेऊन तेथील कोणी विद्यार्थी आज उभा राहिला, तर त्याला बहुधा सांगितले जाईल की तुझी तक्रार बोर्डापुढे मांड. बोर्ड निवडून द्यायला तो अजून मतदार नाही; जे मतदार आहेत त्यांतील थोडेच या निवडणुकांना जातात, कारण अनेक ठिकाणी त्या अध्यक्षीय निवडणुकीबरोबर नव्हे तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या महिन्यात होतात. काहीशे मतांच्या फरकाने बोर्डाचे बहुमत बदलते, आणि त्या बहुमताबरोबर तक्रारीचा अर्ज कसा असेल, समितीवर कोण बसेल, पुस्तक दरम्यान कोठे राहील, हे नियमही बदलतात.